नियमानं चुकणारी मुलं

चार वर्षांच्या मुलाला तहान लागली आहे. "दार पाणी दे," तो म्हणतो. आई हसत विचारते, "दार पाणी?" "दार नाही, दार!" "बरं बाबा, दार." आता तो पाय आपटायला लागतो. शेवटी आई म्हणते, "गार पाणी हवंय का तुला?" आणि तो सुटल्यासारखा म्हणतो, "हो! दार!"

घरातले सगळे हसतात. आजी हा किस्सा फोनवर मावशीला सांगते. त्यात वाईट काही नाही. पण त्या मुलानं नकळत एक मोठी गोष्ट उघड केलेली असते. आईच्या तोंडचं 'दार' त्याला चुकीचं वाटलं आणि 'गार' बरोबर वाटलं. म्हणजे ग आणि द यांतला फरक त्याच्या कानाला कळतो. त्याच्या मनात तो शब्द 'गार' असाच आहे, फक्त बाहेर पडताना तो 'दार' होतो. १९६० मध्ये जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी असाच प्रसंग नोंदवला होता. एक मूल आपल्या प्लास्टिकच्या माशाला 'फिस' म्हणायचं. मोठ्या माणसानं 'फिस' म्हटलं की मान हलवून नाकारायचं, 'फिश' म्हटलं की खूश व्हायचं. बालभाषेचे अभ्यासक आजही विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगतात.

म्हणूनच "नीट बोल" ही आपल्या घरांतली सगळ्यात जुनी सूचना अशा मुलाच्या काही कामाची नसते. त्याच्या मते तो नीटच बोलतोय. जीभ कुठं टेकवायची, कुठून उचलायची, हे त्या सूचनेत कुठंच सांगितलेलं नसतं. कळतो तो फक्त मोठ्यांचा वैताग.

या लेखासाठी मी वाचा-भाषातज्ज्ञांच्या खोल्यांत बसले, अंगणवाड्यांत गेले, आईवडिलांशी आणि आज्यांशी बोलले. त्यातून एक गोष्ट मनात पक्की होत गेली. लहान मुलं बोलताना कशीही चुकत नाहीत, ती नियमानं चुकतात. तो नियम ओळखणारं माणूस वेळेवर भेटलं तर बहुतेक मुलांचं बोलणं सुधारतं. न भेटलं तर मूल 'बोबडा' हे नाव घेऊन शाळेच्या दारात उभं राहतं.

नियम म्हणजे काय, ते 'काका'चा 'ताता' करणाऱ्या मुलाकडून समजून घेऊ. क, ख, ग, घ म्हणताना जिभेचा मागचा भाग उचलून टाळूच्या मागच्या, मऊ बाजूला लागतो. हे सगळं आत घडतं, समोरच्याला दिसत नाही. त, थ, द, ध मात्र पुढे दातांशी होतात. जिभेच्या मागच्या भागावर अजून ताबा न आलेलं मूल मागचं काम पुढे उरकतं. काका 'ताता' होतो, खाऊ 'थाऊ', गाय 'दाय' आणि घर 'धर'. नीट पाहा: क चा त, ख चा थ, ग चा द, घ चा ध. मुलानं उच्चाराची जागा तेवढी बदलली. ख मधला हकार थ मध्ये राखला, ग मधला कंठाचा नाद द मध्ये राखला. आपल्या वर्णमालेत कवर्गाची ओळ जशी तवर्गाच्या ओळीला जुळते, अगदी तशी, घरासमोर घर. अडीच वर्षांच्या मुलाला वर्णमाला कुणी शिकवलेली नसते, तरी तिच्यामागची व्यवस्था त्याच्या बोलण्यात हजर असते. मला यात विलक्षण काही दिसतं, आणि ज्याला आपण सरसकट चूक म्हणतो त्याकडे आदरानं पाहावंसं वाटतं.

असे नियम आणखीही असतात. राम 'लाम' होतो. प्रसाद 'पसाद' होतो, स्टेशन 'टेशन' होतं. साखर 'ताखर' होते, भात 'बात' होतो, केळं 'केलं' होतं. एकाच मुलाकडे दोन-तीन नियम एकत्र आले की शब्द ओळखू येईनासा होतो. ख चा थ, र चा ल आणि क चा त करणाऱ्या मुलानं खारीक मागितली तर ऐकू येतं 'थालीत'. आई ताट पुढे करते, मूल ते ढकलतं, आणि मूल हट्टी आहे असं घरात ठरून जातं. बोलणं न समजल्यामुळे आलेल्या रडण्याला, चावण्याला, ढकलण्याला आपण स्वभाव समजतो. बालवाडीत गप्प बसणाऱ्या मुलाला लाजाळू म्हणतो. किती मुलांचे स्वभाव असे चुकीचे ठरवले गेले असतील, हा विचार मला या कामात वारंवार छळत राहिला.

आता वयाचा प्रश्न. शॅरीन मॅक्लाउड आणि कॅथरिन क्रो यांनी २०१८ मध्ये ३१ देशांतले, २७ भाषांवरचे ६४ अभ्यास एकत्र करून पाहिले. पाच वर्षांची होईपर्यंत मुलं सरासरी किमान ९३ टक्के व्यंजनं बरोबर म्हणू लागतात, असं त्यांना आढळलं. प, ब, म, न, त यांसारखे वर्ण लवकर बसतात. जिभेचं टोक थरथरवून किंवा टाळूवर झटकन आपटून होणारा र, हवा घासत सोडायचे वर्ण, हे मागून येतात. आपल्याकडे ळ आणि जोडाक्षरंही मागाहून येणाऱ्यांत. त्यामुळे तीन वर्षांचं मूल 'लाम' म्हणालं तर घाबरायचं कारण नाही. पण चार उलटल्यावरही काकाचा ताताच असेल तर थांबून राहण्यात अर्थ नाही.

घरच्या घरी लावायची एक कसोटी तज्ज्ञ सांगतात, आणि ती मला सगळ्यात उपयोगी वाटली. परक्या माणसाला मुलाचं बोलणं किती कळतं? दोन वर्षांच्या मुलाचं साधारण निम्मं कळावं, तिसऱ्या वर्षी पाऊण, चौथ्या वर्षी जवळजवळ सगळं. 'परक्या' हा शब्द इथं महत्त्वाचा. आईला सगळंच कळतं, कारण ती दिवसभर दुभाष्याचं काम करत असते आणि तिला त्याची जाणीवही नसते. मॅक्लाउड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सात प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली केली. तिच्यात हेच विचारलं आहे: मुलाचं बोलणं तुम्हाला कळतं का, जवळच्या घरच्यांना कळतं का, इतर नातेवाइकांना, मुलाच्या मित्रांना, ओळखीच्यांना, शिक्षकांना, आणि अनोळखी माणसाला? उत्तरं देता देताच काही आया गप्प होतात, असं एका थेरपिस्टनं सांगितलं.

काही खुणा मात्र वय न पाहता गंभीर मानायच्या. शब्दाचा पहिलाच वर्ण गाळून 'पाणी'चं 'आणी' करणं. आ, ई, ऊ असे स्वरच बिघडणं. प, ब नाकातून येऊन म सारखे वाटणं. स म्हणताना हवा गालांच्या बाजूनं फसफसत जाणं. बोलता येत असलेले शब्द हळूहळू नाहीसे होणं. हे वाढत्या वयाबरोबर आपोआप जाईल असं धरून चालू नये.

महाराष्ट्रात इथं आणखी एक गुंता आहे. वऱ्हाडातलं मूल डोळ्याला 'डोया' आणि काळ्याला 'काया' म्हणतं. आगरी-कोळी घरातलं मूल 'पानी' म्हणतं, ळ च्या जागी ल म्हणतं. त्या मुलात कसलाही दोष नाही. त्याचे आजोबा जसं बोलतात तसंच ते बोलतंय, म्हणजे त्याची जीभ आणि कान उत्तम काम करताहेत. पुस्तकी मराठीची फूटपट्टी घेऊन बसलेल्या शिक्षिकेला ते अशुद्ध वाटतं आणि कधी कधी थेट 'स्पीचला दाखवा' अशी चिठ्ठी घरी जाते. तपासणी नेहमी घरच्या मोठ्यांच्या बोलीशी ताडून करायची असते. हे पुस्तकात लिहिलेलं असतं आणि गर्दीच्या ओपीडीत विसरलं जातं.

चांगला थेरपिस्ट बोलण्याकडे वळण्याआधी कान तपासून घ्यायला सांगतो. आईवडिलांना हे पटत नाही. "हाक मारली की वळतो की! टीव्हीचा आवाज लगेच ऐकू येतो." ते खरंच असतं. पण या वयात सर्दी वारंवार होते, कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साठतो आणि ऐकणं मंदावतं. मूल बहिरं होत नाही, त्याला हाक ऐकू येते, पण स, श, फ यांसारखे हलके वर्ण निसटतात. पुन्हा हा त्रास येतो-जातो, म्हणून लक्षात येत नाही. जे वर्ण एक दिवस ऐकू येतात आणि दुसऱ्या दिवशी येत नाहीत, ते जिभेवर बसणार कसे? तपासणी दुखत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला हेडफोन लावतात, आवाज ऐकू आला की एक ठोकळा डब्यात टाकायला सांगतात. त्याहून लहान मुलांसाठी झोपेत करायची 'बेरा' तपासणी आहे.

कानाकडे असं दुर्लक्ष होतं आणि जिभेवर मात्र सगळ्यांचा संशय असतो. "जीभ जड आहे", "जिभेखालची तार कापून घ्या", हे सल्ले मी ज्यांच्याशी बोलले त्यातल्या बहुतेक घरांत पोचले होते. काही बाळांच्या जिभेखालचा पडदा खरोखर आखूड असतो आणि त्यांना अंगावर पिताना त्रास होतो, तेव्हा डॉक्टर तो सोडवतात. पण 'ताता' म्हणणाऱ्या मुलाची तार कापून काय मिळणार? तो पडदा धरून ठेवतो ते जिभेचं टोक. क होतो जिभेच्या मागच्या भागानं. आणि हे मूल तर टोकानं होणारा त हवा तितक्या वेळा, नको तिथंही म्हणतंय. म्हणजे टोक मोकळं आहे याचा पुरावा ते स्वतःच देतंय. इतका साधा विचारही न करता मुलाला टेबलावर घेतलं जातं, याचा मला राग येतो.

वेखंड उगाळून मधातून जिभेला लावणं, पोपटाचा उष्टा पेरू खाऊ घालणं, या उपायांमागे आजीची माया असते, हे मला दिसतं. त्यानं वर्ण बसत नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नसतो. फुगे फुगवणं, शिट्टी वाजवणं, मेणबत्ती विझवणं हे व्यायाम तर शिकलेले लोकही सुचवतात. फुंकर घालताना तोंड जे करतं त्यातलं काहीच ग म्हणताना करत नाही. अशा व्यायामांनी उच्चार सुधारतात असा पुरावा संशोधनात मिळालेला नाही. फुगे खेळायला द्यावेत, उपचार म्हणून नव्हे.

मग उपचार होतो कसा? मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात साडेचार वर्षांची एक मुलगी थेरपिस्टसमोर बसली होती. टेबलावर चित्रांच्या जोड्या होत्या: कार आणि तार, काप आणि ताप, गार आणि दार. खेळ असा की मुलीनं बाई व्हायचं आणि हवं ते चित्र मागायचं. तिला कार हवी होती. ती म्हणाली, "तार." थेरपिस्टनं गंभीर चेहऱ्यानं तारेचं चित्र दिलं. मुलीनं ते परत केलं. "तार!" पुन्हा तारेचंच चित्र. मुलगी चित्राकडे पाहत राहिली. आपण जे म्हणतोय आणि समोरच्याला जे पोचतंय ते वेगळं आहे, हे तिच्या लक्षात यायला लागलं होतं. घरी सगळे समजून घेतात, म्हणून हा धक्का तिला कधी बसलाच नव्हता. अर्थ बदलतो म्हटल्यावर उच्चार बदलायला कारण मिळतं. या पद्धतीचा गाभा एवढाच आहे.

त्यानंतर जिभेचं काम. आरसा समोर, जिभेचं टोक खालच्या दातांमागे चमच्यासारख्या लाकडी पट्टीनं हलकेच दाबलेलं. टोक अडलं की मागचा भाग उचलण्यावाचून गत्यंतर नाही. ते जमेना तेव्हा मुलीला सतरंजीवर उताणं झोपवलं, म्हणजे जीभ आपल्या वजनानं मागे जाते. गुळण्या करताना घशात होतो तसा आवाज काढून पाहिला. बऱ्याच खटपटीनंतर एकदा घशापाशी 'क्' वाजला. शब्द नव्हता, नुसता खटका. थेरपिस्टनं टाळी वाजवली. तिथून पायऱ्या ठरलेल्या: आधी नुसता वर्ण, मग 'अक', 'का', मग शब्द, मग दोन शब्द, मग वाक्य, मग गप्पा. विसाव्या शतकात चार्ल्स व्हॅन रायपर यांनी रुळवलेली ही चढण आजही वापरात आहे. र साठी वेगळी युक्ती असते. त आणि द भराभर म्हणत जिभेच्या टोकाला हलकं आपटायला शिकवतात. ळ साठी ल म्हणता म्हणता टोक मागे वळवायला लावतात.

मुलीची आई म्हणाली, "मॅडम, घरी कार्ड दाखवलं की बरोबर म्हणते. खेळायला लागली की परत ताता." थेरपिस्ट म्हणाली, "ताई, तसंच होणार. दहा मिनिटं कार्डांची, त्यात दुरुस्त करा. खेळताना तोडू नका. 'ताता आला' म्हणाली की तुम्ही म्हणा, 'हो, काका आला, काकानं काय आणलं?' तिला परत म्हणायला लावू नका. तिच्या कानावर पडू दे." खोलीतला उच्चार स्वयंपाकघरापर्यंत पोचायला काही आठवडे, कधी महिने लागतात. याच टप्प्यावर पुष्कळ घरं कंटाळून येणं बंद करतात.

काही मुलांना ही वाट पुरत नाही. बालवयातल्या अॅप्रॅक्सियात स्नायू अशक्त नसतात, पण मेंदूकडून जिभेच्या हालचालींची जुळणी नीट होत नाही. तेच मूल तोच शब्द तीन वेळा तीन तऱ्हांनी म्हणतं, एका वर्णावरून दुसऱ्यावर जाताना चाचपडतं, बोलण्याची लय बिघडते. इथं नियम सापडत नाही, आणि नियम न सापडणं हीच खूण असते. हजारात एखाददुसरं मूल असं असतं, त्याला दीर्घ आणि वारंवार मदत लागते. दुभंगलेल्या टाळूची मुलं वेगळी. शस्त्रक्रियेनं टाळू जोडली तरी जुनी सवय उरते, हवा नाकातून निसटू नये म्हणून मूल वर्ण घशातच अडवायला शिकलेलं असतं. शस्त्रक्रिया झाली, सुटलो, असं मानणाऱ्या घरांना पुढच्या वाचा-उपचाराबद्दल कुणी सांगितलेलंच नसतं.

मोबाइलबद्दल प्रत्येक आईनं विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाला तासाहून जास्त नको. मोबाइलमुळे समोरासमोरच्या गप्पा आटतात आणि शब्द उशिरा येऊ शकतात. पण क चा त मोबाइलमुळे होत नाही. तो अपराध आईच्या माथी मारू नये. तसंच दोन भाषांचं. घरी मराठी, नर्सरीत इंग्रजी, शेजारी हिंदी, म्हणून जीभ गोंधळली, असं सांगून घरची मराठी बंद करायला लावणारे आजही भेटतात. दोन भाषांमुळे उच्चारदोष होत नाहीत. ज्याला उच्चाराचा त्रास आहे त्याला तो दोन्ही भाषांत दिसतो. मराठी बंद केली तर त्रास तसाच राहतो आणि आजीशी होणारं बोलणं तेवढं तुटतं.

घाई का करायची, याचं उत्तर पहिलीच्या वर्गात आहे. डोरोथी बिशप आणि कॅथरिन अॅडम्स यांनी १९९० मध्ये दाखवलं की साडेपाच वर्षांच्या सुमारास, वाचन सुरू होताना, ज्यांची बोलण्या-भाषेची अडचण सुटलेली असते त्यांचं वाचन सहसा व्यवस्थित होतं. अडचण उरलेल्यांना वाचनातही त्रास होण्याचा धोका असतो. देवनागरीत आपण बरंचसं बोलतो तसं लिहितो. 'तादद' म्हणणारं मूल कागद लिहिताना कुठलं अक्षर निवडेल? म्हणून तीन ते पाच हा काळ मोलाचा.

या काळात मुलं असतात ती अंगणवाडीत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेलं. मुलं शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही कल्पना तिथं रुजली. त्याच परिसरात, आजच्या पालघर जिल्ह्यात, फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. फिरतं आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. भाषेचा विकास, ऐकणं, दुभंगलेले ओठ-टाळू हे सगळं त्याच्या यादीत आहे. पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायची सोय आहे. आराखडा चांगला आहे. पण सकाळभरात सगळ्या मुलांची उंची, वजन, दात, डोळे पाहणाऱ्या डॉक्टरसमोर लाजून गप्प बसलेल्या मुलाचे उच्चार कसे कळणार?

त्यापुढची अडचण माणसांची. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, चार वर्षांची पदवी घेऊन दरवर्षी तज्ज्ञ बाहेर पडतात, पण ते बहुतेक मोठ्या शहरांतच राहतात. तालुक्याच्या गावाहून दर आठवड्याला जिल्ह्याला जायचं म्हणजे एकाची मजुरी बुडते. कायदाही इथं हात आखडता घेतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये वाचा व भाषा दिव्यांगता आहे, पण व्याख्या कायमस्वरूपी आणि शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणानं आलेल्या दोषाची आहे. 'ताता' म्हणणारं मूल त्यात बसत नाही. बरं होण्यासारखा त्रास आहे, एवढ्याच कारणानं ते मदतीच्या कागदांबाहेर राहतं.

पालघरकडच्या एका अंगणवाडीताईंनी यावर स्वतःपुरता मार्ग काढला आहे. खिचडी वाढताना, खेळताना मूल जे बोलतं ते त्या वहीत दोन रकान्यांत लिहितात, एकीकडे शब्द आणि दुसरीकडे मुलाचा उच्चार. वारली घरातलं मूल असेल तर त्याच्या आईला विचारून घरचा शब्दही लिहितात. पथक आलं की वही पुढे करतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. असं वीस शब्दांचं पान हातात आलं तर थेरपिस्टला पहिल्याच भेटीत नियम दिसू शकतो, जिल्ह्याची एक फेरी वाचते. सेविकांच्या प्रशिक्षणात यासाठी एक तास ठेवला तर खर्च वहीपुरताच आहे. ताई म्हणाल्या, "मागच्या वेळी डॉक्टरांनी दोन मुलांची नावं लिहून घेतली. एकाच्या कानात पाणी निघालं, त्याचं औषध चालू आहे. दुसऱ्याला जिल्ह्याला बोलावलंय. बाप वीटभट्टीवर असतो, म्हणून मी आणि त्याची आजी घेऊन जाणार आहोत."